सारांशाबरहुकूम

त्या साली आमच्या अकोल्याकडच्या मालेगावात इंग्रजी जाणणारी माणसं अडीच होती. एक पोस्टमास्तर. त्यांना तारेतलं इंग्रजी येत असे, म्हणजे ‘ताबडतोब निघा’ आणि ‘प्रकृती गंभीर’ एवढं. अर्धा म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर, तो बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचा. आणि एक मी, शाळेतला खोडके मास्तर. उन्हाळ्यात पोस्टमास्तरांची बदली झाली आणि माझा भाव एकदम वधारला. लोक माझ्याकडे औषधांचे कागद, कोर्टाची समन्स, शिवणयंत्राचं माहितीपत्रक असं काहीही घेऊन येऊ लागले. मी चष्मा पुसायचो, कागद वाचायचो, थोडा वेळ आढ्याकडे पाहायचो आणि मग अर्थ सांगायचो. आढ्याकडे पाहणं फार महत्त्वाचं. ताबडतोब अर्थ सांगितला तर लोकांना तो सोपा वाटतो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, व्याकरणात तर माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. फक्त ते बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला ज्यांनी इंग्रजी शिकवलं त्यांनीही ते ऐकलेलं नव्हतं. उभ्या आयुष्यात मी एकच गोरा साहेब जवळून पाहिला होता, अकोल्याच्या फलाटावर, आणि तो तेव्हा बाकावर झोपला होता.

पुढच्या जूनपासून गावात आठवीचा वर्ग निघणार होता आणि त्याला इंग्रजीचा मास्तर हवा होता. शाळा कमिटीचे अध्यक्ष दौलतराव. त्यांच्या मळ्यातली वांगी अकोल्याच्या बाजारात त्यांच्या नावावर खपत, त्यामुळे कुठलीही वस्तू दाबून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही हा त्यांचा नियम होता. अमरावतीच्या कुणा बी. ए.चा अर्ज त्यांच्या खिशात होता. मी नुसता मॅट्रिक. ती जागा मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या एका इच्छेतून झाला.

नव्या वर्गखोलीवर टिनं टाकायची होती आणि कमिटीच्या बैठकीत त्यावर खल चालला होता. बाजाराच्या मैदानात हिरालालचा फिरता सिनेमा तंबू ठोकून बसला होता. त्याच्याकडचा देवादिकांचा चित्रपट गावानं चार-चार वेळा पाहिला होता आणि आता माणसं देवांच्या आधी देवांची वाक्यं म्हणत होती. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आपण शाळेच्या मदतीसाठी एक इंग्रजी चित्रपट आणू. बोधप्रद. आणि मी स्वतः भोंग्यावरून त्याचा शब्दन् शब्द मराठीत सांगेन.”

हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असताना मला फार सुंदर वाटलं होतं.

दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला. “लय बेस. टिनंही येतीन अन् तुमचं विंग्रजीही पाहनं होईन. मंग त्या बीयेले काय कळवाचं ते कळवू.”

म्हणजे परीक्षा ठरली, आणि तीही साऱ्या गावासमोर.

मी अमरावतीच्या एका फिल्म कंपनीला दोन पानी इंग्रजी पत्र लिहिलं. त्यात नीती, समाज आणि उदयोन्मुख पिढी हे तिन्ही होते. उत्तर एका ओळीचं आलं. आमच्या ऐपतीत बसेल असा एकच इंग्रजी चित्रपट शिल्लक होता, सात रिळांचा, खोट्या नोटांविषयी. सोबत एक चित्र होतं. त्यात हॅट घातलेला तरुण, एक जिना आणि भिंतीवर भलीमोठी सावली. चित्रपट स्वस्तात काढलेला होता हे चित्रावरूनही कळत होतं, कारण तेही दोनच रंगांत होतं आणि त्यातला एक काळा होता.

परवानगीसाठी मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज उलटासुलटा केला आणि विचारलं, “सारांश कुठं आहे?”

“कसला?”

“चित्रपटाचा. मराठीत, तीन प्रती.”

“पण साहेब, चित्रपट अजून आलेला नाही. मी तो पाहिलेला नाही.”

“परवानगी मिळाल्याशिवाय दाखवता येत नाही.”

“दाखवायचा नाही हो. सारांशासाठी मी एकटाच पाहीन.”

“पाहायचा म्हणजे कुणीतरी दाखवणं आलंच ना?” कारकून म्हणाला आणि पान लावायला घेतलं.

घरी येऊन मी दौत-टाक घेऊन बसलो. आमच्या सौभाग्यवती पंचफुला ज्वारी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, “न पाहता कसं लिहिता तुमी?”

मी म्हणालो, “मी परीक्षेत न वाचलेल्या धड्यांचे सारांश लिहून पास झालेलो आहे.”

पण आमच्या गावात खासगी काम असं काही नसतं. मेथी विकायला आलेली गोजराबाई टोपली उतरवून उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, “मास्तर, काही करा, पन त्यात माय पाह्यजे. माय नसली त बाया येत नाईत. रडाले काही नसलं त चार आने कायले देतीन?” मी माय घातली. संध्याकाळी दौलतराव आले. ते म्हणाले, “पोट्टा शेवटी सुधरला पाह्यजे. शाळेचं काम हाय.” मी पश्चात्ताप घातला. पंचफुला म्हणाल्या, “सुधरला त मंग त्याचं लगन लावून टाका, कायले ठेवता बिचाऱ्याले तसंच.” मी लग्नही लावून टाकलं. अशा तऱ्हेनं एक सालस तरुण वाईट संगतीनं खोट्या नोटा छापतो, वृद्ध मातेच्या अश्रूंनी त्याचे डोळे उघडतात, तो पोलिसांच्या स्वाधीन होतो, सुटून आल्यावर विवाहबद्ध होतो, असा एक नेटका सारांश तयार झाला. अक्षर तर इतकं देखणं आलं होतं की मलाच तो खरा वाटायला लागला.

कारकुनालाही वाटला. त्यानं शिक्का मारला आणि खाली लाल शाईत शेरा लिहिला: ‘दाखविला जाणारा खेळ सदर सारांशाबरहुकूम असल्याची खात्री जमादारांनी जातीने हजर राहून करावी. तफावत आढळल्यास खेळ बंद करून अर्जदाराविरुद्ध कार्यवाही करावी.’

अर्जदार मीच होतो. रिळं आली की हिरालालकडून एकदा गुपचूप पाहून घेऊ आणि काही जमवू, असं मनात योजत मी ती घ्यायला गेलो.

रिळं जऊळका स्टेशनवर उतरली, तीही खेळाच्या दिवशी सकाळी. म्हणजे गुपचूप पाहणं तिथंच संपलं. मी बैलगाडीत पत्र्याचे डबे घालून निघालो. किन्हीराजाच्या अलीकडे नाल्यात गाडीचं चाक रुतलं. जवळच रस्त्याच्या कामावर तांड्यातली माणसं खडी फोडत होती. त्यातला एक उंच, करड्या मिशांचा माणूस उठून आला, चाकाला खांदा लावला आणि दोन हिसक्यांत गाडी बाहेर काढली. मग तो डब्यांकडे पाहत उभा राहिला. त्याचं नाव किसनसिंग.

“विंग्रजी शिनेमा दिसते,” तो म्हणाला.

“तुला रे कसं कळलं?”

“असे डबे पाह्यले होते जी. आसामात, लढाईच्या टायमाले.”

माझं लक्ष डबे सात आहेत की सहा याकडे होतं. मी म्हणालो, “बरं, बरं.”

“पोरीले घेऊन येऊ काय रातच्याले? तिनं कधी पाह्यला नाही.”

“ये की. पण मागं बस, समोर कमिटीची माणसं असतील. आणि समजलं नाही तर मला मध्ये मध्ये विचारू नकोस. मी कामात असेन.”

“जी,” तो म्हणाला आणि परत खडीकडे गेला.

दिवेलागणीला तंबू खच्चून भरला. एका बाजूला पुरुष, कनातीपलीकडे बायका. समोर खुर्चीत दौलतराव. त्यांच्या शेजारी पोलीस जमादार उकंडराव, मांडीवर माझा शिक्का मारलेला सारांश, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात शिसपेन्सिल. मी अगदी मागं, हिरालालच्या यंत्राजवळ, पत्र्याचा भोंगा घेऊन स्टुलावर उभा. माझ्या पायाशी जमिनीवर किसनसिंग बसला होता आणि त्याला बिलगून त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी हेमला. ती पडद्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. मास्तर आता काहीतरी मोठं करणार असा तिचा चेहरा होता. मी चष्मा पुसला. आढ्याकडे पाहायची सोय नव्हती, कारण तंबूला आढं नसतं.

पडदा उजळला.

दोन माणसं बोलत होती. ती ओठ हलवत नव्हती. तोंडात सुपारी धरून, एकाच श्वासात, एक शब्द दुसऱ्यात घुसवत ती बोलत होती. हे इंग्रजी नसून दुसरीच कुठली तरी भाषा आहे अशी माझी खात्री पटत चालली होती, तेवढ्यात एकजण ‘यस’ म्हणाला. त्या एका शब्दाच्या आधारानं मी भोंगा तोंडाला लावला.

“हा डाव्या बाजूचा तरुण म्हणजे आपला नायक! सालस आहे! तो यस म्हणाला, म्हणजे त्यानं होकार दिला!”

“कायले?” पुढून कुणीतरी विचारलं.

“ते पुढं कळेल!”

त्यातून सगळा काळोख. माणसं हॅट घालून अंधारात उभी राहत, अंधारात सिगारेट ओढत, अंधारातच मोटारीत बसून जात. लोक ओरडू लागले, “हिरालाल, वात वाढव!” हिरालाल चिडला. “मेरे दिव्यात खोट नाही! त्याईच्या देशातच अंधार हाय, त मी काय करू?” मी भोंग्यातून खुलासा केला की हे खोट्या नोटांचं काम आहे, ते उजेडात कसं करतील? हा खुलासा सर्वांना पटला, आणि मला जरा धीर आला.

यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं रीळ चढेपर्यंत सारा गाव मान वळवून माझ्याकडे पाहत असे. खरी परीक्षा त्या पाच-पाच मिनिटांत होती. जमादार उकंडराव सारांशावर बोट ठेवून विचारत, “मास्तर, मजमुनात लिहेल हाय की वृद्ध माता. कुठं हाय?”

कुठं असणार? पहिल्या दोन रिळांत एकही म्हातारी नव्हती. बाई म्हणून एकच होती, खानावळ चालवणारी असावी, फिकट केसांची, सतत सिगारेट ओढणारी. काय करतो? मी तिलाच माता केलं.

कनातीपलीकडे खळबळ माजली. “माय बिड्या पिते?” गोजराबाईचा आवाज आला.

“थंड मुलूख आहे बाई,” मी भोंग्यातून म्हणालो. “तिथं आयांना डॉक्टर सांगतात.”

“अन् केस काहून काळेभोर नाईत, काहून पांढरे नाईत?”

“पुत्रशोकानं तसे होतात.”

“पोरगा त समोरच बसेल हाय!”

सुदैवानं दिवे गेले.

तिसऱ्या रिळात पोलिसांचा मोठा साहेब आला. टापटीप कपडे, शांत चेहरा, टेबलावर झालरीचा दिवा. त्याच्याबद्दल मला शंकाच नव्हती. मी त्याची भरभरून ओळख करून दिली: न्यायी, निःस्पृह, गोरगरिबांचा वाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्या विरतात न विरतात तोच गोजराबाई उठून उभी राहिली.

“मास्तर! हा झालरीचा दिवा त चोराच्या घरी होता!”

आता यात खरी गोष्ट अशी होती की चित्रपट काढणाऱ्याजवळ पैसे नव्हते. त्याच्याजवळ एकच जिना होता, त्यावरून चोरही चढे आणि पोलीसही उतरे. एकच दिवा होता, तो सगळ्यांच्या घरी जाई. हे मला तेव्हाही थोडं थोडं कळत होतं. मी म्हणालो, “बाई, असे दिवे बाजारात पुष्कळ मिळतात.”

“त्याची एक झालर फाटेल हाय. इथंही फाटेल हाय, तिथंही फाटेल हाय. दोघं मिळेल हायत, मी सांगून ठेवतो!”

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. आणि पाचव्या रिळात त्या निःस्पृह साहेबाच्या कपाटातून खोट्या नोटांच्या थप्प्या निघाल्या आणि त्याच्याच माणसांनी त्याला बेड्या घातल्या.

दिवे लागले तेव्हा माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. सगळ्या माना कनातीकडे वळल्या होत्या. “गोजराबाई, आता काय होईन वो?” लोक तिला विचारत होते. जिला सही करता येत नाही, जी आठवड्याच्या बाजारात मेथी विकत बसते, तिनं एक फाटकी झालर पाहून जे ओळखलं ते मला, खोडके मास्तरला, व्याकरणासकट कळलं नव्हतं. हे मी मुद्दाम लपवून ठेवलं होतं, म्हणजे रंगत वाढते, असं मी भोंग्यातून जाहीर केलं. कुणी ऐकलं नाही. दौलतराव फक्त एकदा मागं वळले. वांगं दाबून पाहताना बोट आत गेलं की त्यांचा चेहरा जसा होई, तसा तो झाला होता.

सहाव्या रिळात त्या मातेनं पर्समधून पिस्तूल काढलं आणि नायकाच्या छातीवर रोखलं.

“आवं माय! पोटच्या पोरावर?” बायका किंचाळल्या.

“धाक दाखवते आहे!” मी ओरडलो. माझी शुद्ध भाषा आता सुटायला लागली होती. “मारत नाही ते! मायच हाय ना!”

तिनं गोळी झाडली.

दिवे लागले. उकंडराव उठून माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, मी पन शिकेल मानूस नाई. पन मजमुनात अश्रू लिहेल हायत अन् इथं गोळी चालून राह्यली. हे तफावत म्हनावी की काय म्हनावी?” माणूस भला होता, त्याला खरंच कळेना. मी म्हणालो, “जमादार, शेवटचं रीळ होऊ द्या.” त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि परत जाऊन बसले. मला जागा दिसेनाशी झाली होती. जागेच्या ठिकाणी आता कार्यवाही दिसत होती.

शेवटचं रीळ लागलं. तोच जिना. पाऊस पडत होता की नळी धरली होती ते कळत नव्हतं. नायक छातीवर हात दाबून जिन्याच्या तळाशी पडला होता. शेजारी एक साधा हवालदार गुडघ्यावर बसला होता. तो तरुण काहीतरी बोलू लागला. आतापर्यंत सगळे जसे भराभरा बोलले तसा नाही, थांबून, धापा टाकत. तंबूबाहेर विजेच्या इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती. सगळे भोंग्याची वाट पाहत होते.

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तसं म्हटलं तर काहीही सांगता आलं असतं. सहा रिळं मी तेच केलं होतं. पण तो माणूस मरत होता. तो नट होता, चित्रपट स्वस्तातला होता, सगळं मान्य. तरी एक माणूस मरताना काही सांगत होता आणि ते मला कळत नव्हतं, आणि त्याच्या तोंडात माझं काहीबाही कोंबायला माझी जीभ उचलेना. खाली पाहिलं तर हेमला माझ्याकडे पाहत होती. मग तिनं बापाकडे पाहिलं.

किसनसिंग जरा उठला आणि पडद्यावरची नजर न काढता, मला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “तो म्हनते, घरी सांगजा, मी छापखान्यात कामाले होतो.”

मी भोंगा उचलला. “तो म्हणतो आहे, माझ्या घरी सांगा, मी छापखान्यात कामाला होतो.”

मग कनातीपलीकडून गोजराबाई हळू बोलली, “पाहा. घरी सांगजा म्हने. म्हंजे ते त्याची माय नोहतीच. मी तवाच म्हनली, माय असं नाई करत. माय त्याची गावी असन बिचारी.” आणि ती रडायला लागली. तिच्या मागून सगळ्या बायका रडल्या. पुरुषांच्या बाजूलाही नाकं ओढल्याचे आवाज आले. जमादारांनी डोळे पुसून बॅटरी लावली आणि सारांशावर खुणा केल्या. “माता, बराबर. अश्रू, बराबर. पश्चात्ताप…” ते थोडे थांबले. “बराबर. पन लगन राह्यलं.”

“मेल्या मानसाचं लगन लावता काय हो जमादार?” आमच्या पंचफुलांचा आवाज आला.

उकंडरावांनी लग्नावर काट मारली आणि ‘खेळ सारांशाबरहुकूम’ असा शेरा लिहून सही केली.

बाहेर दौलतरावांनी माझे दोन्ही हात धरले. “मास्तर, पहिले मले शक आला होता. पन ते अखेरचं तुमी जे सांगतलं ना, ते विंग्रजी आल्याबिगर सांगता येत नाही. उद्या त्या बीयेले नाही म्हनून लिहून टाकतो.” मी किसनसिंगला शोधत होतो. तो मुलीला खांद्यावर घेऊन केव्हाच निघून गेला होता.

जागा मिळाली तर माणसाला बरं वाटावं. मला आठवडाभर जेवण गेलं नाही. पंचफुला म्हणाल्या, “जीव खाऊन राह्यला तुमचा कशानं तरी. जाऊन या एकदा.” कुठं जाऊन या, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं ते आजवर विचारलेलं नाही.

रविवारी मी चालत तांड्यावर गेलो. किसनसिंग झोपडीपुढं खाट विणत होता. मला पाहून तो उठला आणि आतली दुसरी खाट आणून टाकली. मी खाटेवर बसलो नाही, खाली त्याच्या शेजारी बसलो. बसताना अवघडल्यासारखं झालं, हे खोटं कशाला सांगू.

“तुम्हाला इंग्रजी येतं,” मी म्हणालो. ‘तुम्हाला’ हा शब्द मी ठरवून आणला नव्हता, तो आपसूक आला.

“वाचता येत नाई जी. आयकू येते. आसामात अमेरिकेच्या फौजेच्या बावर्चीखान्यात तीन साल होतो. दर शनवारी शिनेमा दाखवत, पडदा झाडाले बांधून.”

“मग मी सात रिळं जे बोललो ते सगळं तुम्हाला…”

“हो.” तो काथ्या ओढत राहिला. त्याच्या मिशीखाली हसू असावं. “त्या बाईले तुमी माय केलं, तवा जरा जड गेलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमी म्हनला होता, मंधात बोलू नको.”

मी मान खाली घातली. तो पुढं म्हणाला, “तुमी शेवटी गप झाले ना, तवा हेमला माह्याकडं पाहे. तिले वाटे मास्तरले सारं येते. पोरीच्या नजरेतून मास्तर उतरू नये, म्हनून बोललो.”

“ती जागा मला मिळाली, किसनसिंग. घ्यावी की सोडावी?”

त्यानं विचार केला. “हेमला आता चवथीत हाय. आठवीले चार वर्सं हायत. तवर तुमी शिकून घ्या. मी आयकवतो, तुमी वाचा. मलेही वाचता येईन.”

इतका रास्त ठराव आमच्या कमिटीनंही कधी केला नव्हता. मी कबूल झालो. मग निघता निघता सहज म्हणालो, “पण तुम्ही सांगितलेलं ते वाक्य काय सुंदर होतं. घरी सांगा, मी छापखान्यात कामाला होतो.”

किसनसिंगचा हात थांबला.

“तसं काही तो बोलला नाई, मास्तर,” तो म्हणाला. “तो पोलिसाले शिव्या देऊन राह्यला होता. लय वंगाळ.”

मी पुन्हा खाली बसलो.

“पन वाक्य खोटं नोहे. माह्यासंगं तांड्यातला भाऊसिंग होता आसामात. तो रस्त्यावर गोटे फोडे. तापानं गेला. जाताना म्हने, माह्या मायले सांगजो, मी सायबाच्या मोटारीवर होतो.”

“आणि तुम्ही तसं सांगितलंत?”

तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून एक वाकलेली म्हातारी पितळी तांब्यात पाणी घेऊन आली. पाहुणा आला की पाणी आपणच द्यायचं असा तिचा रिवाज असावा. किसनसिंग हळूच म्हणाला, “जमनाबाई. भाऊसिंगची माय.”

तिनं माझ्या हातात तांब्या दिला आणि न विचारताच सांगू लागली, “गुरुजी, माहा भाऊसिंग आसामात मोटारीवर होता. मोठ्या सायबाच्या. किसनसिंगनं आपल्या डोळ्यानं पाह्यलं.”

किसनसिंग जमिनीकडे पाहत होता. मी पाणी प्यालो. बावीस वर्षं मी चुकीच्या उत्तरांवर लाल रेघ मारत आलो होतो, आणि आता ती म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“हो माय,” मी म्हणालो. “मोठं जोखमीचं काम असते ते. परीक्षा घेऊनच ठेवतेत.”

तिचा चेहरा उजळला. “तुमी शिकेल मानूस. विंग्रजीत काय म्हंतेत त्याले, मोटारीवरच्या मानसाले?”

“ड्रायव्हर,” मी सांगितलं.

तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग रिकामा तांब्या घेऊन ती पलीकडच्या झोपडीतल्या बायांना सांगायला निघाली. मी तिला थांबवलं नाही.